ईएक्सईच्या पोटातली दुसरी स्क्रिप्ट

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, तर त्याच्या संगणकावर पायथन असेलच असे धरून चालत नाही. म्हणून प्रोग्राम, इंटरप्रिटर आणि लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी एकत्र बांधून एक ईएक्सई तयार करायची, ही रीत आता चांगली रुळली आहे. बहुतेक साधे प्रोग्राम या बांधणीतून सुखरूप बाहेर पडतात. अडतो तो दुसरी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. मुख्य खिडकीतले बटण दाबले की अहवाल तयार करणारी वेगळी स्क्रिप्ट चालावी, एवढीच अपेक्षा असते आणि लिहिणाऱ्याच्या संगणकावर ती बिनतक्रार पुरी होत असते. बांधणीनंतर मात्र बटण दाबले की अहवाल येत नाही, त्याच प्रोग्रामची आणखी एक खिडकी उघडते. कधी काहीच होत नाही, कधी संगणकच गुदमरतो.

यावर सुचवले जाणारे उपाय अनेक आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी म्हणते स्क्रिप्ट इम्पोर्ट करा, कोणी म्हणते दुसरी ईएक्सई करा, कोणी म्हणते सोबत पायथनच द्या. यातला प्रत्येक सल्ला कुठेतरी बरोबर आहे. तो कुठे बरोबर आहे हे तीन प्रश्नांवरून ठरते: दुसरी स्क्रिप्ट कोणी लिहिली, ती कोणत्या प्रोसेसमध्ये चालणार आणि तिला कोणते वातावरण मिळणार. या प्रश्नांची उत्तरे बांधणीच्या आधीच ठरवावी लागतात, असे माझे ठाम मत आहे. बांधणी झाल्यावर डागडुजी करत बसणाऱ्याचा वेळ वाया जातो आणि त्याचा प्रोग्राम कायमचा नाजूक राहतो.

बांधणीत नेमके काय होते

पायथन प्रोग्राम बांधून देण्याची धडपड जुनी आहे. पायथनच्या मूळ सोर्ससोबत ‘फ्रीझ’ नावाचे साधन फार पूर्वीपासून येत असे. पुढे थॉमस हेलर यांचे पाय-टू-ईएक्सई, अँथनी टुइनिंगा यांचे सीएक्स-फ्रीझ, मॅकसाठी बॉब इप्पोलिटो यांचे पाय-टू-अ‍ॅप अशी साधने आली. गॉर्डन मॅकमिलन यांच्या ‘इन्स्टॉलर’मधून पायइन्स्टॉलर उभे राहिले. के हायेन यांचे नुइटका निराळ्या वाटेने जाते. ते पायथन कोडचे सी भाषेत रूपांतर करून तो कंपाइल करते.

पायइन्स्टॉलर आज सर्रास वापरले जाते, म्हणून त्याचीच रचना पाहू. ते मुख्य स्क्रिप्ट तपासते, तिच्यातले इम्पोर्ट शोधते, त्या मॉड्यूलांमधले इम्पोर्ट शोधते, आणि अशी साखळी पुरी करून सगळे मॉड्यूल बाइटकोडच्या स्वरूपात एका संग्रहात भरते. सी भाषेत लिहिलेला छोटा बूटलोडर त्याच्या पुढे जोडला जातो. ईएक्सई चालवली की हा बूटलोडर पायथनची लायब्ररी स्वतःच्याच प्रोसेसमध्ये चढवतो, इंटरप्रिटर जागा करतो आणि त्याच्या हाती मुख्य स्क्रिप्ट देतो.

या बांधणीत इंटरप्रिटर असतो, पण पायथन-डॉट-ईएक्सई नसते. म्हणजे पायथन चालवण्याची शक्ती आत आहे. ‘ही फाइल चालव’ असे सांगण्याची कमांड मात्र उरलेली नाही. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

बांधणीचे दोन प्रकार आहेत. ‘वनडिर’मध्ये ईएक्सईसोबत लायब्ररींचा फोल्डर असतो, पायइन्स्टॉलरच्या ६.० आवृत्तीपासून तो ‘इंटर्नल’ या नावाने वेगळा ठेवला जातो. ‘वनफाइल’मध्ये सगळे एकाच फाइलीत असते. ती फाइल दर वेळी सुरू होताना आतला ऐवज एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, स्वतःचीच दुसरी प्रोसेस सुरू करून तिच्यात खरा प्रोग्राम चालवते आणि तो संपल्यावर फोल्डर पुसून टाकते.

गफलत कुठे होते

पायथनमध्ये दुसरी स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची शिष्टसंमत पद्धत म्हणजे सबप्रोसेस मॉड्यूलला ‘सिस.एक्झिक्युटेबल’ आणि स्क्रिप्टचे नाव देणे. एरवी सिस.एक्झिक्युटेबल म्हणजे चालू असलेल्या इंटरप्रिटरचा पत्ता. बांधलेल्या प्रोग्राममध्ये तोच पत्ता आपल्या ईएक्सईचा होतो. त्यामुळे ‘पायथन, अहवालाची स्क्रिप्ट चालव’ ही आज्ञा प्रत्यक्षात ‘माझ्या प्रोग्रामा, पुन्हा सुरू हो’ अशी होऊन बसते. स्क्रिप्टचे नाव नव्या प्रतीला आर्ग्युमेंट म्हणून मिळते. तिकडे कोणी बघत नाही आणि नवी खिडकी उघडते. ही आज्ञा बटणामागे असेल तर नुकसान एका खिडकीपुरते. ती प्रोग्रामच्या सुरुवातीलाच असेल तर प्रत्येक प्रत नवी प्रत जन्माला घालते आणि मेमरी संपेपर्यंत हा सिलसिला थांबत नाही.

मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूल वापरणाऱ्यांना हाच तडाखा न मागता बसतो. विंडोजवर नवी प्रोसेस नेहमी ‘स्पॉन’ पद्धतीने, म्हणजे ईएक्सई नव्याने सुरू करूनच तयार होते. मॅकवर पायथन ३.८ पासून हीच मूळ पद्धत आहे आणि लिनक्सवर ३.१४ पासून ‘फोर्क’ची जागा ‘फोर्कसर्व्हर’ने घेतली आहे. म्हणून ‘फ्रीझ-सपोर्ट’ हे फंक्शन मुख्य स्क्रिप्टच्या अगदी आरंभी बोलवावे लागते. आपण मुख्य प्रोग्राम म्हणून जन्मलो की कामकरी प्रोसेस म्हणून, हे ते तपासते आणि कामकरी असल्यास तेवढे काम उरकून बाहेर पडते. पायइन्स्टॉलर या फंक्शनच्या जागी स्वतःची आवृत्ती बसवते, त्यामुळे ते विंडोजबाहेरही उपयोगी पडते.

प्रोग्राममधूनच पिपने नवे पॅकेज बसवण्याचा प्रयत्नही असाच उलटतो, कारण ‘-एम पिप’ हा आदेश समजणारा इंटरप्रिटर समोर नसतो. नुइटकाने हा धोका ओळखून पहारा ठेवला आहे. बांधलेल्या प्रोग्रामने स्वतःलाच ‘-सी’ किंवा ‘-एम’ देऊन हाक मारली, तर तो नव्या प्रती काढत न बसता चूक दाखवून थांबतो. वितरणासाठीचा ‘डिप्लॉयमेंट’ पर्याय निवडला की हा पहारा उठतो. त्यामुळे चाचण्या त्याआधी करून घ्याव्यात.

दुसरी गफलत अवलंबनांची. बांधणी करणारे साधन मुख्य स्क्रिप्टपासून सुरू होणारी साखळीच पाहते. दुसरी स्क्रिप्ट नुसती डेटा फाइल म्हणून सोबत दिली, तर तिच्यातले इम्पोर्ट त्याला दिसत नाहीत. स्क्रिप्ट सापडते, सुरूही होते आणि पहिल्याच अनोळखी मॉड्यूलवर कोसळते. स्टँडर्ड लायब्ररीचे मॉड्यूलही याला अपवाद नाहीत, कारण तीसुद्धा गरजेपुरतीच आत घेतलेली असते. तिसरी गफलत पत्त्याची. स्क्रिप्ट चालू फोल्डरमध्ये सापडेल असे धरले जाते, पण प्रत्यक्षात ती ‘सिस’मधल्या एमईआयपास या खुणेने दाखवलेल्या फोल्डरमध्ये असते.

पहिली वाट: त्याच प्रोसेसमध्ये

दुसरी स्क्रिप्ट आपलीच आणि छोटी असेल, तर वेगळी प्रोसेस हवीच का, हे आधी विचारावे. पुष्कळदा नको असते. स्क्रिप्टमधले काम एका फंक्शनमध्ये आणावे, ती मॉड्यूल म्हणून इम्पोर्ट करावी आणि फंक्शन बोलवावे. साधनाला इम्पोर्ट दिसतो, अवलंबने आपोआप आत येतात, पत्त्याचा प्रश्नच उरत नाही. मॉड्यूलचे नाव चालू असताना ठरणार असेल, तर ते ‘हिडन इम्पोर्ट’ म्हणून बांधणीच्या वेळी सांगून ठेवावे लागते.

स्क्रिप्ट बदलता येत नसेल, तर रनपाय हे स्टँडर्ड लायब्ररीतले मॉड्यूल मदतीला येते. त्याचे रन-पाथ फंक्शन फाइल घेते, रन-मॉड्यूल मॉड्यूलचे नाव घेते आणि स्क्रिप्टला ती स्वतंत्रपणे चालल्यासारखे वाटावे अशी व्यवस्था करते.

या वाटेच्या मर्यादा स्पष्ट आहेत. स्क्रिप्टने बाहेर पडण्याचे फंक्शन बोलावले तर सिस्टिम-एक्झिट हा अपवाद वर येतो. तो झेलला नाही तर मुख्य प्रोग्रामच बंद होतो. तिने बदललेला चालू फोल्डर किंवा लॉगिंगची मांडणी मागे तशीच राहते. सी लायब्ररीतल्या चुकीने ती कोसळली तर सगळ्यांना घेऊन कोसळते. काम लांबले तर खिडकी गोठते. ते थ्रेडमध्ये टाकले तर थ्रेड बाहेरून थांबवण्याची सोय पायथनमध्ये नाही, आणि रनपायची ही फंक्शने थ्रेडसाठी सुरक्षित नसल्याचे त्याच्या दस्तऐवजातच सांगितले आहे. चार-दोन सेकंदांच्या, भरवशाच्या कामासाठी ही वाट उत्तम. रद्द करता यायला हवे अशा कामासाठी ती निवडू नये.

दुसरी वाट: एकच ईएक्सई, अनेक भूमिका

सिस.एक्झिक्युटेबल आपल्याच ईएक्सईकडे बोट दाखवते ही अडचण सोय म्हणून वापरता येते. प्रोग्रामच्या आरंभी आर्ग्युमेंट पाहायचे. ‘अहवाल’ असे आले तर अहवालाचे मॉड्यूल चालवून बाहेर पडायचे, काहीच आले नाही तर खिडकी उघडायची. मग मुख्य प्रोग्राम स्वतःलाच त्या आर्ग्युमेंटसह हाक मारतो आणि स्वतंत्र प्रोसेस मिळते. ती कोसळली तरी मुख्य प्रोग्राम शाबूत राहतो, हवी तेव्हा थांबवता येते आणि अवलंबने एकदाच बांधली जातात.

या कल्पनेची वंशावळ मानाची आहे. ब्रूस पेरेन्स यांनी डेबियनच्या फ्लॉपीसाठी सुरू केलेल्या बिझीबॉक्समध्ये युनिक्सच्या अनेक कमांड एकाच फाइलीत राहतात आणि कोणत्या नावाने हाक मारली यावरून भूमिका ठरते. पर्लच्या ‘पीपी’ या बांधणी साधनातही एका फाइलीत अनेक स्क्रिप्ट बांधून नावावरून निवड करण्याची सोय आहे. फ्रीझ-सपोर्टही याच तत्त्वावर चालते.

दोन पथ्ये पाळावीत. एक, भूमिका ठरवणारा तुकडा फाइलीच्या अगदी वर ठेवावा. ग्राफिक लायब्ररी आधी इम्पोर्ट झाली तर कामकरी प्रोसेसही तिचे ओझे वाहते. दोन, वनफाइलमध्ये नवी प्रत कशी धरली जाते हे जाणून घ्यावे. पायइन्स्टॉलर ६.९ पासून, सिस.एक्झिक्युटेबलने सुरू केलेली प्रत कामकरी समजली जाते आणि आधीच उलगडलेला फोल्डरच वापरते. त्यामुळे ती लवकर सुरू होते, पण मुख्य प्रोग्राम संपून फोल्डर पुसला गेला की तिच्या पायाखालची जमीन जाते. ती मुख्य प्रोग्रामनंतरही जगायला हवी असेल, किंवा प्रोग्रामने स्वतःला नव्याने सुरू करायचे असेल, तर ‘पायइन्स्टॉलर रीसेट एन्व्हायर्नमेंट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून तिला स्वतंत्र जन्म द्यावा लागतो.

तिसरी वाट: एका फोल्डरात अनेक ईएक्सई

दुसऱ्या स्क्रिप्टचा पसारा मोठा असेल किंवा ती लोकांना कमांड म्हणूनही वापरायची असेल, तर तिची स्वतंत्र ईएक्सई करावी. पायइन्स्टॉलरच्या स्पेक फाइलीत प्रत्येक स्क्रिप्टचे वेगळे विश्लेषण मांडून सगळ्या ईएक्सई एकाच फोल्डरात गोळा करता येतात आणि सामाईक लायब्ररींची एकच प्रत राहते. सीएक्स-फ्रीझमध्येही एका बांधणीतून अनेक ईएक्सई निघतात. कोविद गोयल यांनी सुरू केलेले कॅलिबर हे ई-पुस्तकांचे सॉफ्टवेअर याचा चांगला नमुना आहे. त्याच्यासोबत जड कामांसाठी कॅलिबर-पॅरलल ही वेगळी फाइल येते आणि कॅलिबर-डीबग या फाइलीला आपली पायथन स्क्रिप्ट दिली की ती कॅलिबरच्याच वातावरणात चालवून मिळते.

इथे वनडिर निवडावे. दुसरी ईएक्सई वनफाइल असेल, तर तिच्या प्रत्येक हाकेला उलगडण्याचा वेळ जातो. शिवाय तिच्या दोन प्रोसेस असल्याने बाहेरची सक्तीने मारली तरी आतली चालू राहू शकते आणि तात्पुरता फोल्डर मागे उरतो.

चौथी वाट: सोबत खरा पायथन

आतापर्यंतच्या वाटांमध्ये दुसरी स्क्रिप्ट बांधणीच्या वेळी हाताशी होती. वापरकर्ता स्वतःची स्क्रिप्ट आणणार असेल, तर चित्र पालटते. तो उद्या कोणते मॉड्यूल मागेल हे आज सांगता येत नाही. अशा वेळी गरजेपुरत्या इंटरप्रिटरची कसरत न करता पूर्ण पायथनच सोबत द्यावा.

मोठी सॉफ्टवेअर हेच करतात. ब्लेंडरसोबत स्वतःचा पायथन येतो, त्याला पार्श्वभूमीत सुरू करून स्क्रिप्ट देता येते, आणि त्याच्या आत सिस.एक्झिक्युटेबल सोबतच्या खऱ्या पायथन फाइलीकडे बोट दाखवते. म्हणजे नेहमीची शिष्टसंमत पद्धत तिथे चालते. इंकस्केपमधले पायथन एक्स्टेन्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते. त्याला चित्राची फाइल दिली जाते आणि बदललेले चित्र त्याने आउटपुटवर लिहायचे, एवढाच दोघांतला करार. एक्स्टेन्शन बिघडले तरी मूळ चित्र सुरक्षित राहते.

विंडोजसाठी पायथन ३.५ पासून ‘एम्बेडेबल’ झिप मिळते, ती फोल्डरात उलगडून सोबत देता येते. तिच्यात पिप नसते हे लक्षात ठेवावे. सगळ्या प्रणालींसाठी ग्रेगरी सोर्क यांनी सुरू केलेला आणि आता अ‍ॅस्ट्रल ही कंपनी सांभाळत असलेला ‘पायथन-बिल्ड-स्टँडअलोन’ प्रकल्प आहे. यूव्ही हे साधन पायथन उतरवून घेते ते त्याच्याचकडून. आकार वाढतो हे खरे, पण या प्रकारात तो खर्च योग्य आहे.

गिऱ्हाइकाच्या संगणकावरचा पायथन शोधून वापरण्याची पाचवी वाटही सुचवली जाते. जिथे आधीपासून पायथन बसवलेला आहे अशा संस्थेच्या अंतर्गत वापरापुरती ती ठीक. बाकी ठिकाणी आवृत्ती, पॅकेज आणि पत्ता यांचा भरवसा नसतो आणि ज्यासाठी बांधणी केली तो हेतूच हरपतो.

वातावरणाचे बारकावे

वाट बरोबर निवडूनही प्रोग्राम अडखळतो तो वातावरणामुळे. लिनक्सवर बूटलोडर आपल्या लायब्ररी सापडाव्यात म्हणून ‘एलडी लायब्ररी पाथ’ बदलतो आणि आधीची किंमत त्याच नावापुढे ‘ओरिग’ लावून जपून ठेवतो. आपल्या प्रोग्राममधून बाहेरची कमांड चालवली की तिलाही बदललेला पाथ मिळतो, ती आपल्या लायब्ररी उचलते आणि अनाकलनीय चूक देऊन पडते. अशा हाकेआधी मूळ किंमत परत ठेवलीच पाहिजे. विंडोजवर डीएलएल शोधण्याच्या फोल्डरबाबत हीच काळजी घ्यावी लागते.

कन्सोलशिवाय बांधलेल्या प्रोग्राममध्ये प्रमाण इनपुट-आउटपुट अस्तित्वातच नसते. साध्या प्रिंटवर स्क्रिप्ट गप्प राहते आणि आउटपुटवर थेट लिहिणारी ओळ कोसळते. दुसऱ्या प्रोसेसचे इनपुट, आउटपुट आणि चुका हे तिन्ही प्रवाह हाक मारतानाच स्पष्ट जोडून द्यावेत.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक खड्डा ठरलेला. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलवर देवनागरी एन्कोडिंगच्या चुकीविना छापता येते. तीच स्क्रिप्ट पाइपमधून चालवली, म्हणजे तिचे आउटपुट मुख्य प्रोग्रामने वाचायचे ठरवले, की पायथन प्रणालीच्या जुन्या कोडपेजकडे वळतो. इंग्रजी विंडोजवर ते बहुधा १२५२ असते आणि त्यात देवनागरी नाही. परिणामी ग्राहकाचे नाव ‘सुनीता’ आले की एन्कोडिंगची चूक येते आणि ‘एबीसी’ आले की सगळे सुरळीत. इंग्रजी नावांवर चाचणी केलेला प्रोग्राम इथेच फसतो. उपाय सोपा आहे. दुसऱ्या स्क्रिप्टच्या आरंभी आउटपुट ‘रीकॉन्फिगर’ करून यूटीएफ-८ करावे. ही सोय ३.७ पासून आहे. वाचणाऱ्या बाजूलाही यूटीएफ-८ सांगावे. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग करण्याचे ठरले आहे, पण गिऱ्हाइकांकडच्या जुन्या बांधण्या त्यानंतरही चालू राहतील.

इतर भाषांमध्ये

पायथनबाहेर नजर टाकली की या प्रश्नाचे मूळ अधिक नीट दिसते. जावास्क्रिप्टमधल्या इलेक्ट्रॉन या चौकटीत बांधलेल्या प्रोग्रामला ‘इलेक्ट्रॉन रन अ‍ॅज नोड’ हे व्हेरिएबल दिले की तो साध्या नोडसारखा वागून स्क्रिप्ट चालवतो. इलेक्ट्रॉन २२ पासून त्याच कामासाठी ‘युटिलिटी प्रोसेस’ ही शिस्तशीर सोय आली. बन या जावास्क्रिप्ट रनटाइमने बांधलेली फाइल ‘बन बी बन’ हे व्हेरिएबल पाहून मूळ बनची भूमिका घेते. डीनो या दुसऱ्या रनटाइमच्या बांधणीत नुसत्या नावाने बोलावलेली वर्करची फाइल आपोआप ओळखली गेली नाही, तर ती आधी सांगून आत घ्यावी लागते. पायथनमधल्या हिडन इम्पोर्टचीच ही गोष्ट. गो भाषेत इंटरप्रिटरच नाही. तिथे १.१६ पासून ‘एम्बेड’ने स्क्रिप्ट आत ठेवता येते, पण ती चालवायला बाहेरचा कोणीतरी लागतो.

वेगवेगळ्या भाषांतले लोक स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला पोचले आहेत. बांधलेल्या फाइलीला जन्मताच तिची भूमिका सांगावी लागते आणि त्या भूमिकेला लागणारे सामान आधीच आत ठेवावे लागते.

सुरक्षिततेची बाजू

जो प्रोग्राम कोणतीही स्क्रिप्ट चालवू शकतो, तो हल्लेखोराचीही चालवू शकतो. इलेक्ट्रॉनने नोडसारखे वागण्याची सोय ‘फ्यूज’ने कायमची बंद करण्याची तरतूद ठेवली ती याच कारणाने: विश्वासार्ह सहीच्या प्रोग्रामआडून परका कोड चालवता येऊ नये. म्हणून भूमिकांची यादी ठरलेली आणि बंद असावी. आर्ग्युमेंटमध्ये आलेला कोणताही पत्ता चालवणारी सोय मागे ठेवू नये. प्रशासकीय हक्कांनी चालणाऱ्या ईएक्सईने सामान्य वापरकर्त्याला लिहिता येणाऱ्या फोल्डरमधली स्क्रिप्ट कधीही चालवू नये. तात्पुरते फोल्डरही निर्धोक नसतात. सीव्हीई-२०२३-४९७९७ या नोंदीतल्या दोषामुळे, वरच्या हक्कांनी चालणाऱ्या पायइन्स्टॉलरच्या प्रोग्रामला नको त्या फाइली पुसायला लावता येत होते; तो दोष ५.१३.१ मध्ये दुरुस्त झाला. बांधणी साधन अद्ययावत ठेवणे हा म्हणूनच सुरक्षिततेचा भाग आहे.

आत ठेवलेली स्क्रिप्ट गुपित राहते असेही मानू नये. बाइटकोड झाकण्याची जी किल्लीची सोय पायइन्स्टॉलरमध्ये होती, ती ६.० मध्ये काढून टाकली गेली. पासवर्ड आणि परवान्याच्या किल्ल्या स्क्रिप्टमध्ये ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

निवड कशी करावी

स्क्रिप्ट आपली, काम छोटे आणि भरवशाचे, तर इम्पोर्ट करून त्याच प्रोसेसमध्ये चालवा. स्क्रिप्ट आपली, पण काम लांबणारे किंवा कोसळू शकणारे, तर एकाच ईएक्सईला अनेक भूमिका द्या. बहुतेक प्रोग्रामांसाठी मी हीच वाट सुचवेन. पसारा वाढला, तर एका फोल्डरात अनेक ईएक्सई ठेवा. स्क्रिप्ट वापरकर्त्याची असेल, तर खरा पायथन सोबत द्या आणि दोघांमधला करार फाइली व प्रवाह यांच्यापुरता मर्यादित ठेवा.

यापैकी काहीही निवडले, तरी पहिली बांधणी प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात करावी, शेवटच्या नव्हे. ज्या संगणकावर पायथन कधीच बसवलेला नाही अशा संगणकावर, प्रशासक नसलेल्या खात्यातून आणि देवनागरी नावांच्या फाइली घेऊन ती चालवून पाहावी. वर सांगितलेले बहुतेक दोष तिथे पहिल्या तासातच उघडे पडतात आणि तेव्हा ते दुरुस्त करणे स्वस्त असते. तेच दोष गिऱ्हाइकाकडे सापडले, तर ज्याने आपल्यावर विश्वास ठेवून बटण दाबले त्याचे काम अडते. ते अडू न देणे ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती बांधणीआधी घेतलेल्या निर्णयांतूनच पार पडते.